कडेवरचे मूल, बाबागाडी आणि पहिला परदेश : सिंगापूर की स्वित्झर्लंड?

दोन लहान मुले घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या कुटुंबाने ‘काय पाहायचे’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि ‘दिवसातून किती वेळा चढावे-उतरावे लागेल’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत दोन सहलींनंतर पक्के झाले आहे. पहिली सहल सिंगापूरची झाली. तेव्हा मुलगी चार वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा होता, आणि सासूबाई बरोबर होत्या. पुढच्या वर्षी आम्ही चौघेच स्वित्झर्लंडला गेलो. दोन्ही देश मुलांच्या बाबतीत अगत्यशील म्हणून ओळखले जातात आणि ते खरेही आहे, पण दोघांचे अगत्य वेगवेगळ्या वयाच्या मुलांना लाभते.

सोलापूर स्थानकावर बाबागाडी घेऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर ज्यांनी जाऊन पाहिले आहे, त्यांना या तुलनेचा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मूल एका हातात, घडी घातलेली गाडी दुसऱ्या हातात, खांद्यावर डायपरची पिशवी आणि मागे ‘मीपण उचल’ म्हणणारे मोठे भावंड, ही आपली रोजची परीक्षा आहे. सिंगापूरमध्ये ही परीक्षा जवळजवळ संपते. तिथली मेट्रो 1987 साली सुरू झाली आणि आज तिच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट व रुंद फाटक आहे, त्यामुळे बाबागाडी रस्त्यापासून डब्यापर्यंत न उचलता नेता येते. लिफ्ट प्रत्येक दारापाशी असतेच असे नाही, योग्य दार शोधण्यात कधी कधी चांगली पायपीट होते, पण ती सपाटीवरची पायपीट असते. बसमध्ये 2017 पासून बाबागाडीची घडी न घालता चढता येते. ती चाकांच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागेत उभी करायची असते, आणि खुर्चीवरचे प्रवासी आल्यास त्यांचा हक्क पहिला असतो.

स्वित्झर्लंडमध्ये आगगाडीचे जाळे अधिक देखणे आणि विस्तृत आहे. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि शहरातले मुख्य स्थानक तिथून दहा-बारा मिनिटांवर आहे, म्हणजे थकलेल्या मुलांना टॅक्सीच्या रांगेत उभे करावे लागत नाही. लांब पल्ल्याच्या दुमजली गाड्यांत एका डब्याचा वरचा मजला खास मुलांसाठी असतो, त्यात घसरगुंडीसुद्धा असते. आमची मुलगी बर्नच्या वाटेवर त्या घसरगुंडीवरून किती वेळा घसरली, हे आम्ही मोजायचे सोडून दिले. मात्र हा खेळाचा मजला जिन्याने चढून जाण्याचा आहे आणि बाबागाडी खालीच ठेवावी लागते. मुलगा बाबागाडीत झोपलेला असल्याने त्या प्रवासात एक पालक खाली बसला आणि दुसरा वर, बाहेरचे डोंगर दोघांनी वेगवेगळ्या खिडकीतून पाहिले. दोन मोठी माणसे असतील तर ही गंमत आहे. एकट्या पालकाने दोन मुले घेऊन जाण्याचा विचार असेल, तर मी सिंगापूरकडेच बोट दाखवीन.

तिकिटाच्या बाबतीत मुलाचे वय नीट पाहावे, कारण प्रत्येक ठिकाणची रेषा वेगळी आहे आणि एखाद्या वाढदिवसाने हिशेब बदलतो. विमानात दोन वर्षांपर्यंतचे मूल मांडीवर चालते. आपल्या रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षांखालील मूल पालकांबरोबर विनातिकीट प्रवास करते आणि सहा ते सोळा या वयातील मुलांना, पालकांकडे स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा तिथला प्रवासाचा पास) असल्यास, फॅमिली कार्डावर मोफत प्रवास करता येतो. हे कार्ड फुकट मिळते, पण पास काढतानाच मागून घ्यावे लागते. सिंगापूरमध्ये हिशेब आधी उंचीचा आहे. 0.9 मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर मोफत जाते, त्याहून उंच पण सात वर्षांखालील मुलाला सवलतीचे कार्ड काढल्यास मोफत प्रवास मिळतो. तीन वर्षांचे मूल सहसा ही उंची ओलांडते, त्यामुळे ‘अजून लहानच आहे’ या भरवशावर फाटकापाशी अडून बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी पासपोर्ट घेऊन तिकीट कार्यालयात जाऊन यावे.

मोटारीचा नियम मात्र अनेकांना ठाऊक नसतो. सिंगापूरमध्ये 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाच्या आसनात बसवणे बंधनकारक आहे. मीटरच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला नाही. म्हणून ॲपवर मुलांच्या आसनाचा पर्याय निवडावा लागतो, तो महाग पडतो आणि गाडी उशिरा येते. पहिल्या संध्याकाळी आम्ही साधी गाडी बोलावली, चालकाने मुलांकडे पाहून नम्रपणे नकार दिला आणि पावसात उभे राहून आम्ही हा नियम शिकलो. सोलापुरात सात रस्ता चौकात एका रिक्षात सहा माणसे बसवण्याची सवय असलेल्यांनी ही गोष्ट घरूनच मनात ठेवून निघावे.

खाण्यापिण्याचा मुद्दा प्रवासाशी इतका जोडलेला आहे की तो वेगळा काढता येत नाही. सिंगापूरच्या मेट्रोत खाणे-पिणे मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा नियमात बसत नाही, आणि दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत जाऊ शकतो. भुकेला दीड वर्षाचा मुलगा आणि बंद ठेवलेला डबा ही कसोटी असते, पण प्रवासच वीस-पंचवीस मिनिटांचा असल्याने ती निभावते. उतरल्यावर लिटल इंडिया या भारतीय वस्तीत इडली, डोसा, दहीभात सहज मिळतो. सेरंगून रस्त्यावरचे कोमला विलास 1947 पासून शाकाहारी जेवण देत आले आहे, आणि सासूबाईंचा या सहलीवरचा विश्वास तिथे पहिल्या ताटाला बसला. स्विस गाडीत उलट आहे : तिथे डबा उघडून निवांत जेवावे, कोणी हरकत घेत नाही. आम्ही कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली होती. भाकरीचा चुरा आसनाखालून गोळा करताना मात्र तिथल्या स्वच्छतेचे दडपण आले. युरोपाबाहेरून मांस किंवा दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. शिवाय रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतली तेवढी उघडी राहतात. डायपर संपल्याचे आम्हाला रविवारीच कळले.

हवामानाविषयी आपली एक समजूत असते की बेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापूरकराला सिंगापूरचे एकतीस-बत्तीस अंश काय करणार. तो उन्हाळा कोरडा नसतो, अंगाला चिकटणारा असतो, आणि मुलांच्या मानेवर दोन दिवसांत घामोळे उठते. दुपारी बारा ते चार मुलांना थंड जागेत ठेवावे. पाऊस अवचित येतो, पण स्थानकांच्या आसपासच्या वाटांवर छप्पर घातलेले असल्याने बाबागाडी फारशी भिजत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि मुले ‘अजून दिवस आहे’ म्हणून झोपायला तयार होत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने, घरी साडेसहाला उठणारे मूल तिथे पहाटे तीनला उठून बसते. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणजे मुले उशिरा उठतात आणि पालकांना थोडी झोप मिळते. मला हा फरक तिकिटाच्या फरकाइतकाच मोलाचा वाटला.

डोंगराच्या उंचीचा प्रश्न फक्त स्वित्झर्लंडपुरता आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे आणि तिथल्या बर्फाळ डोंगरातले युंगफ्राउयोखचे स्थानक 3,454 मीटरवर. ग्रिंडेलवाल्डहून 2020 साली सुरू झालेल्या तारेवरच्या पाळण्याने पंधरा मिनिटांत वाटेवरच्या आयगरग्लेचर स्थानकाला पोहोचता येते, म्हणजे शरीराला सवय व्हायला फारसा वेळच मिळत नाही. दोन वर्षांखालील मुलाला वर नेण्याचा हट्ट करू नये, आणि त्यापुढच्या मुलाबाबतही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आम्ही वर गेलोच नाही. लाउटरब्रुनेनच्या सपाट दरीत धबधब्यापर्यंत बाबागाडी ढकलत नेली आणि थुनच्या सरोवरात बोटीने फिरलो. बोट पासमध्येच येते आणि तिच्यात मुलांना मोकळे फिरता येते.

सिंगापूरमधल्या एका जागेचा उल्लेख मुद्दाम करतो. वनस्पती उद्यानाला 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथला जेकब बॅलस बालोद्यान हा भाग मोफत आहे, आणि बरोबर मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. मुलीला दारावरची ही अट समजावून सांगितली तेव्हा तिने सासूबाईंचा हात धरला आणि ‘चला आजी, मी आहे’ म्हणून त्यांना आत नेले. मेट्रो स्थानक जवळच आहे.

कागदपत्रांत दोन्हीकडे प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. स्वित्झर्लंडसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणारा, व्हिसा लागतो. त्याचे शुल्क सहा वर्षांखाली माफ, सहा ते अकरा वर्षांना 45 युरो आणि मोठ्यांना 90 युरो आहे. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत निघतो आणि तुलनेने सुटसुटीत आहे. खर्चाबाबत एवढेच सांगतो की स्वित्झर्लंडमध्ये मुलांचे तिकीट वाचले तरी मोठ्यांचा पास, मुक्काम आणि जेवण मिळून बचत कुठल्या कुठे जाते.

माझा सल्ला असा की धाकटे मूल तीन वर्षांच्या आत असेल, दुपारची झोप सुटलेली नसेल किंवा आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर सिंगापूर निवडावे, आणि एकाच मुक्कामी पाच-सहा दिवस राहावे. धाकटे मूल चार वर्षांचे झाले, स्वतःच्या पायांनी चालू लागले आणि मोठ्याचा सहावा वाढदिवस अजून दूर असला, तर स्वित्झर्लंडचा आनंद पुरेपूर मिळतो. तिथेही रोज गाव बदलू नये. इंटरलाकेनसारख्या एका गावी सामान ठेवून रोज वेगळ्या दिशेने जाऊन यावे.

सोलापूरहून निघताना आणखी एक फरक पडतो. सिंगापूरसाठी मुंबई हा एकच मार्ग नाही. राष्ट्रीय महामार्ग 65 ने हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथल्या शमशाबाद विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान जाते. घरची गाडी असेल तर मुलांच्या झोपेप्रमाणे थांबे घेत जाता येते. झुरिकचे थेट विमान मात्र मुंबईहून धरावे लागते. त्यासाठी सकाळच्या वंदे भारतमध्ये साडेसहा तास मुलांना आसनावर बसवून ठेवण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुलांना बर्थवर चादर पांघरून झोपवत न्यावे.