डोंगराची खडी की नदीची वाळू: विहिरींच्या दृष्टीने तुलना

गावाच्या टेकडीवर खडीसाठी दगडखाण द्यावी की नदीपात्रातून वाळू-गोटे उचलू द्यावेत, असा प्रश्न ग्रामसभेपुढे येतो तेव्हा चर्चा बहुधा धूळ, डंपर आणि महसूल यांच्याभोवती फिरते. विहिरींवर मात्र या दोहोंचे परिणाम मुळातच वेगळ्या जातीचे असतात आणि ठरावापूर्वी तो फरक गावाने नीट समजून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

नदीपात्रातील वाळू म्हणजे गावाची जमिनीखालची टाकीच आहे. देशात भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१५ च्या निकषांनुसार वाळूमय गाळातून निचऱ्याने सुमारे १६ टक्के पाणी मोकळे होते, तर झिजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे मुरमाड खडकातून, सुमारे २ टक्के. या हिशेबाने एक हेक्टरावरचा एक मीटर जाडीचा, पाण्याने भरलेला थर उचलला, तर मुरमाड खडकात दोन लाख लिटरांची आणि वाळूत सोळा लाख लिटरांची साठवण गावाने गमावलेली असते. शिवाय पात्राचा तळ खोल गेला की काठावरच्या विहिरींचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते आणि नळपाणी योजनेची विहीर पात्रालगत असेल, तर पाणी गाळून देणारा थरही नाहीसा होतो. पुराबरोबर वाळू परत येते हे खरे. पण वर धरण असेल तर ती बव्हंशी तिथेच अडते.

टेकडीवरच्या खाणीचे गणित एका गोष्टीवर ठरते: खाणीचा तळ भूजलपातळीच्या वर राहणार की खाली जाणार. घट्ट काळ्या पाषाणात पाणी फारसे नसते. ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते. जुन्या खाणीची उभी भिंत हिवाळ्यात जवळून पाहिली, तर लालसर मातकट थराच्या वरच्या कडेला ओलसर काळे ओघळ आणि शेवाळाची पट्टी दिसते. तोच खालच्या विहिरींचा पाझर. खाण त्या पट्टीखाली उतरली की काम चालू ठेवण्यासाठी रात्रंदिवस पंप लावावे लागतात आणि भेगा ज्या दिशेने धावतात त्या दिशेच्या विहिरी आधी आटतात, त्यामुळे जवळची विहीर वाचून लांबची कोरडी पडणेही शक्य असते. सुरुंगाच्या दारूतील नायट्रेट आणि यंत्रांचे सांडलेले डिझेल याच भेगांतून खाली जाते.

उपायांचा विचार केला तर नदीसाठी ते मोजकेच आहेत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तिथे थांबायचे आणि काठापासून अंतर राखायचे. पण रात्रीच्या उपशावर पहारा ठेवणे कोणत्याही गावाला जड जाते. खाणीत अटी तपासणे सोपे आहे, कारण तळ डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यानंतरच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर वर तळ थांबवावा, धुण्याचे गढूळ पाणी निवळण टाकीतून जावे, डिझेलचा साठा काँक्रीटच्या बंदिस्त ओट्यावर असावा. खाणीतील पाण्याचा उपसा अटळच ठरला, तर निवळलेले पाणी नाल्याला सोडून न देता खालच्या बाजूच्या पुनर्भरण चरांत जिरवावे.

म्हणून दोहोंतून एकच निवडायचे असेल, तर मी पातळीच्या वर थांबणाऱ्या कोरड्या खाणीच्या बाजूने कौल देईन. तिच्या दगडापासून क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळूही होते, त्यामुळे नदीवरचा भार हलका होतो. खाण पातळीखाली जाणारच असेल, तर मात्र हा कौल मी मागे घेईन.

परवानगीपूर्वी आसपासच्या विहिरींच्या काठावर रंगाने खूण करून, तिथून टेप सोडून, ऑक्टोबर आणि मे अखेरची पातळी तारखेसह नोंदवून घ्यावी. खाण संपल्यावर खड्डा मूळच्या माती-मुरमानेच भरण्याची अट करारात घालावी, कारण तिथे शहराचा कचरा येऊन पडला, तर त्याचे काळे पाणी विहिरींत उतरते आणि ते मागे फिरवता येत नाही.