रॉक चकर प्रेस : सात वर्षांच्या भरणीनंतर

तळघरातल्या बाकावर बोल्टांनी आवळलेला आरसीबीएस कंपनीचा हिरवा रॉक चकर, म्हणजे उडालेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरायचा हाताचा प्रेस, मी सात वर्षं वापरतो आहे. त्यावर .३०८, .३०-०६ (दोन्ही रायफलची) आणि .३८ स्पेशल (रिव्हॉल्व्हरची) अशी मिळून बारा-तेरा हजार काडतुसं भरून झाली असतील. इथले दोन-तीन मराठी मित्र नुकतेच रायफल क्लबात जायला लागलेत आणि घरी काडतुसं भरायची तर कोणता प्रेस घ्यावा, असं सारखं विचारतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

मत आधीच सांगून टाकतो. रायफलसाठी भरणार असाल तर हा घ्या, किंवा याच जातीचा, ओतीव लोखंडाचा, एका वेळी एकच डाय (पुंगळीवर काम करणारा साचा) धरणारा दुसरा कुठलाही घ्या. दांडा एकदा ओढला की चार-पाच कामं एकदम करणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस पहिल्याच वर्षी घरात आणू नका.

मी अमेरिकेत ओहायोत असतो, मूळचा खडकीचा. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीला होते. हा कारखाना १८६९ सालचा. आमच्या चाळीचं घड्याळ म्हणजे त्याचा भोंगा. गेटवर काडेपेटी, विडी सगळं काढून घेत. त्या सवयीने बाबा घरीसुद्धा काडेपेटीला हात लावत नसत, देवापुढचं निरांजनही आईच लावायची. काडतूस कसं बनतं हे मात्र त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते मला कळलं ते इथे, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, या प्रेसपुढे उभं राहून.

आता प्रेसबद्दल. आरसीबीएस हे नाव 'रॉक चक बुलेट स्वेज' या शब्दांची आद्याक्षरं जोडून झालं. रॉक चक म्हणजे इथल्या डोंगरात बिळं करून राहणारा, घुशीहून बराच मोठा एक प्राणी. १९४३ साली, युद्धामुळे गोळ्या मिळेनाशा झालेल्या असताना, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टनने .२२ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणं बनवणारा साचा तयार केला. या प्राण्याची शिकार करणाऱ्यांना त्या गोळ्या हव्या असत. पुढे मोठ्या प्रेसलाही त्याच प्राण्याचं नाव मिळालं.

रचना साधी आहे. बंद चौकटीच्या माथ्यावर डाय आट्यांनी बसते, खालून दट्ट्या वर येतो. बार उडाला की पितळेची पुंगळी नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीएवढी (चेंबरएवढी) फुगते. तिला परत मापात आणायची, जुना प्रायमर (बुडातली, पिन आदळली की ठिणगी देणारी छोटी टोपी) बाहेर ढकलायचा, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, बंदुकीची दारू तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. यातलं मापात आणणं हे खरं ताकदीचं काम. .३०-०६ ची लांब पुंगळी डायमध्ये जाताना हलका प्रेस चरचरतो, बाक हलतो. रॉक चकरच्या दुहेरी तरफेमुळे दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली येतो, आणि तरीही हाताला सगळं कळत राहतं. वंगण कमी पडलं की कळतं. गळ्याशी चिरलेली पुंगळी गोळी बसवताना हवी तेवढी धरत नाही, तेही कळतं. माझ्या लेखी या प्रेसची खरी किंमत त्या कळण्यात आहे.

पहिल्याच महिन्यात मी घाईत एका पुंगळीला वंगण लावायचं विसरलो. ती डायमध्ये अशी रुतली की दट्ट्या खाली खेचल्यावर तिचं बूड फाटून आलं आणि बाकी पितळ आत राहिलं. चूक पूर्णपणे माझी. रुतलेली पुंगळी काढायचा संच मिळतो: बुडाला भोक पाडायचं, आटे पाडायचे, स्क्रू घालून ओढायचं. रविवारची अख्खी सकाळ गेली. प्रेसला मात्र ओरखडाही नव्हता.

दारू तोलायच्या काट्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण नवे लोक प्रेसवर खर्च करतात आणि काटा स्वस्तातला घेतात. मीही तेच केलं होतं. बॅटरीवर चालणारा, तळहाताएवढा. तळघरातली ट्यूबलाइट लावली की त्याचा शून्य सरकायचा. मग एका म्हाताऱ्या नेमबाजाच्या घरच्या विक्रीत जुना दांडीचा आरसीबीएस ५-०-५ मिळाला, ओहाउस कंपनीने बनवलेला. त्याला वीज लागत नाही, चुंबकामुळे दांडी पटकन स्थिर होते, आणि दहाव्या भागापर्यंत ग्रेन दाखवतो. ग्रेन हे माप ऐकून आपली माणसं गोंधळतात. सोनाराच्या हिशेबाने बघा: एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. आणि ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे .३०-०६ मधली १८० ग्रेनची गोळी हातात घेतली की आपण मोजून एक तोळा धरलेला असतो. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीवर आकडेमोड करून खात्री केली आणि मगच मान हलवली.

२०१९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिने आमच्याकडे होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे. पहिला आठवडा ते तळघरात उतरलेच नाहीत. घरात दारू ठेवलीये हेच त्यांना पटत नव्हतं. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही (विकायची असतील तर लागतो), आणि भारतात परवान्याशिवाय हेच केलं तर तुरुंग. तो फरक पचायला त्यांना वेळ लागला. मग एका संध्याकाळी स्टूल ओढून शेजारी बसले. मी गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलसाठी .३०-०६ भरत होतो. पन्नास पुंगळ्यांत प्रायमर बसवून लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या होत्या. बाबांनी एकेक उचलून बुडावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. दोन पुंगळ्या त्यांनी बाजूला काढल्या.

"या वर आल्यात."

मला डोळ्याने काहीच दिसत नव्हतं. सरळ पट्टी बुडावर ठेवून उजेडात धरली तेव्हा केसाएवढी फट दिसली. गॅरंडमध्ये हा प्रकार फार धोक्याचा आहे. तिची फायरिंग पिन स्प्रिंगशिवाय मोकळी असते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) जोरात बंद होताना पुढे सरकून प्रायमरला टोचते. चाप न ओढता निघालेल्या काडतुसाच्या प्रायमरवरही तिचा बारीक खळगा दिसतो. प्रायमर वर आलेला असेल तर बोल्ट पुरता बंद व्हायच्या आधीच बार उडू शकतो. म्हणून गॅरंडसाठी मी सहज न फुटणारे सीसीआय कंपनीचे ३४ नंबरचे प्रायमर वापरतो, आणि त्या दिवसापासून प्रत्येक बुडावरून अंगठा फिरवतो. एकेक पुंगळी हातात घ्यायला लावणारा प्रेस नव्या माणसाने घ्यावा, असं मी का म्हणतो ते यावरून लक्षात येईल.

त्याच जुलैत बाबांना कॅम्प पेरीला नेलं. ईरी तळ्याकाठच्या या मैदानावर १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. शेकडो माणसं ओळीने पालथी झोपून २०० यार्डांवर नेम धरतात आणि आठ बार झाले की गॅरंडची क्लिप, म्हणजे काडतुसं धरणारी पत्र्याची पकड, टणकन उडते. ओळीच्या मागे खुर्चीत बसून बाबा दिवसभर त्या टणटणीकडे कान लावून होते.

कोणतं काडतूस, यावर क्लबात भांडणं होतात. तरुण मंडळी ६.५ क्रीडमूरवर खूष आहेत. हॉर्नाडीने ते २००७ साली आणलं. धक्का कमी, गोळी लांबट, ६०० यार्डांवर वाऱ्याने कमी सरकते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मारून पाहिलंय. तरी मी .३०८ सोडलेलं नाही. १९५२ सालचं काडतूस आहे, नळी जास्त टिकते, पुंगळ्या सगळीकडे मिळतात, आणि वारा वाचायला मी यावरच शिकलो. लापुआच्या पुंगळ्या, सिएराची १७५ ग्रेनची मॅचकिंग गोळी, रेडिंगच्या डाय. दारूचं प्रमाण मी इथे मुद्दाम लिहीत नाही आणि कुणाच्या तोंडून ऐकलेलं वापरू नका. लायमनचं किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीचं छापील पुस्तक घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढा. माझ्या रायफलीत विकतची मॅच (स्पर्धेसाठीची) काडतुसं १०० यार्डांवर इंचभराचा गोळका देतात, माझी पाऊण इंचाच्या आत.

हँडगनचं वेगळं आहे. गावाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२, हेच लहानपणापासून ऐकलेलं. इथे आमच्याकडे रुगरचं जीपी१०० आहे, .३५७ मॅग्नमचं, पण बायको आणि मी त्यात .३८ स्पेशलच मारतो. दोन्हींचा व्यास एकच. .३५७ ची पुंगळी १९३० च्या दशकात मुद्दाम इंचाच्या आठव्या भागाएवढी लांब केली, जुन्या कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये ती चुकून जाऊ नये म्हणून. बायकोला १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर आवडते. कागदावर पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजताना वाद नाही.

या भरणीत या प्रेसचा वेग खरोखरच कमी पडतो. तासाला पन्नास-साठ काडतुसं, आणि पिस्तुलाच्या सरावाला एका दुपारी दोनशे लागतात. दर आठवड्याला तेवढी मारणाऱ्याने पुढे प्रोग्रेसिव्ह घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: .३८ ची पुंगळी मूळ काळ्या दारूच्या मापाची, त्यामुळे आतून प्रशस्त. आजची दारू तिच्या तळाशी चिमूटभरच असते. चुकून दोनदा पडली तरी ओसंडत नाही, वरून कळतही नाही, आणि रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. मी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्याआधी विजेरीने प्रत्येकीत डोकावतो. बायको दुसऱ्यांदा बघते.

पैशांचं म्हणाल तर, विकतच्या मॅच काडतुसाच्या जवळपास अर्ध्यात माझं काम होतं. पण वाचतात तेवढे मी जास्त मारतो, त्यामुळे बचतीसाठी म्हणून यात पडू नका. २०२१ मध्ये प्रायमर दुकानातून गायब झाले होते तेव्हा आधीच्या साठ्यावर वर्ष काढलं. दारू तिच्या मूळ डब्यातच, कुलपात. बाकावर एका वेळी एकच डबा. भरताना टीव्ही नाही, फोन वरच्या मजल्यावर.

एक पुंगळी या प्रेसवर कधीच भरली जाणार नाही. जुन्या बंदुकांच्या एका बाजारात मला .३०३ ची रिकामी पुंगळी सापडली होती, बुडावर केएफ, म्हणजे आमची खडकी. ब्रिटिश पद्धतीची, बर्डन प्रायमरची: बुडात मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन बारीक भोकं, त्यामुळे डायची पिन आत शिरत नाही, मोडते. बर्डन अमेरिकन होता, त्याची पद्धत तिकडे गेली. मधल्या एका भोकाची पद्धत बॉक्सरची; तो इंग्रज, त्याची इकडे. ती पुंगळी मी प्रेसशेजारच्या फळीवर ठेवली आहे. बाबांनी ती उजेडात धरून बुडावरचा आकडा वाचला आणि परत ठेवली.

"पासष्ट. माझ्या आधीची. मी अडुसष्टला लागलो."