गोवरची लस, सिडकोतलं सरकारी आरोग्य केंद्र (नाशिक): आमचा अनुभव

पुतण्याला नऊ महिने झाले म्हणून वहिनीसोबत एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) डोसला गेले होते, प्रायव्हेटला न जाता मुद्दाम इथे. बसायला जागा कमी, गर्दी भरपूर, पंखा एकच, पण काम एकदम चोख. सिस्टरनी बाटलीवरचं उष्णतेचं लेबल तपासलं, समोरच पावडरमध्ये पाणी मिसळलं आणि बाटलीवर पेनाने वेळ लिहिली, कारण मिसळलेली लस चार तासांनी फेकून द्यायची असते. उजव्या दंडावर इंजेक्शन, मग व्हिटॅमिन ए चा डोस, आणि अर्धा तास थांबायला लावलं. पैसे शून्य.

पण खरे पाच स्टार डॉक्टर मॅडमना. आमच्या आई म्हणाल्या, गोवर काय, आमच्या वेळी सगळ्यांनाच निघायचा, निघून गेलेला बरा. मॅडम चिडल्या नाहीत, नीट समजावलं त्यांना. म्हणाल्या, आजी, पुरळ जातं पण क्वचित एखाद्या लेकराच्या मेंदूत विषाणू राहून जातो, त्यातही दोन वर्षांच्या आत गोवर झाला असेल तर धोका जास्त, आणि सहा-आठ वर्षांनी चांगला शाळेत जाणारा मुलगा अभ्यासात मागे पडतो, विसरायला लागतो, मग अंगाला झटके. एसएसपीई म्हणतात त्याला, बरं करणारं औषध अजून नाही.

मी विचारलं, इतकी वर्षं तो टिकतो कसा, शरीर मारत का नाही? तर म्हणाल्या मेंदूतला विषाणू मोडका असतो, त्याचं एम प्रोटीन बिघडलेलं, त्यामुळे तो पेशीतून सुटा बाहेर पडतच नाही, आणि पेशी जोडणारं एफ प्रोटीन बदलल्यामुळे एका चेतापेशीतून थेट दुसरीत सरकतो, म्हणून पाठीच्या पाण्यात अँटीबॉडी ढीगभर असल्या तरी त्यांच्या हाती काही लागत नाही. आणि मोडके एकेकटे जात नाहीत, बरेच जण एकत्र जातात. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये दाखवलंय की एकट्याने पेशी जोडण्यात कमी पडणारं बिघडलेलं एफ प्रोटीनसुद्धा चांगल्या प्रोटीनच्या जोडीला आलं की काम वाढवतं. आंधळ्या-पांगळ्याची गोष्टच म्हणा, असं मॅडम म्हणाल्या आणि आईंना लगेच कळलं. लसीमुळे हा आजार होत नाही, रुग्णांच्या मेंदूत लसीचा विषाणू सापडलेला नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

२०२२ ला आपल्या जिल्ह्यात मालेगावला गोवरची साथ आली होती हे विसरू नका. लस चुकलेली मुलं अजूनही आहेत, आमच्याच गल्लीत दोन घरं आहेत, त्यांना मी हाताला धरून नेणार आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, बाळाचं कार्ड न्या, पाण्याची बाटली सोबत ठेवा. दुसरा डोस बाळ सोळा महिन्यांचं झाल्यावर, सिस्टरनी तारीख कार्डावर लिहून दिलीय आणि वहिनीच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर पण लावून घेतलाय.