कुत्र्याचं खाणं बदलायचंय? आधी दोन्ही पिशव्या उलट्या करून वाचा

घरात चालू असलेली एक पिशवी आणि कुणीतरी भरभरून कौतुक केलेली दुसरी, या दोन्हींत अडकलेल्या माणसासाठी हे लिहितेय. "कुठला ब्रँड चांगला?" असं मला वरचेवर विचारलं जातं. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आत्ता जे चालू आहे, त्यात काय बिघडलंय?

शी बांधून होत असेल, केस तुकतुकीत असतील, वजन बेताचं असेल आणि खेळायला अंगात जोर असेल, तर मी चालू पिशवीच्या बाजूने मत देते. "तेच तेच खाऊन कंटाळला असेल" हे आपल्या मनातलं, त्याच्या नव्हे. बदलायची खरी कारणं वेगळी असतात. पिल्लू मोठं झालं, नसबंदीनंतर वजन चढायला लागलं, म्हातारपण आलं, डॉक्टरांनी एखादा आजार सांगितला, पोट किंवा त्वचा सारखी बिघडते, नाहीतर ते खाणं मिळेनासं झालं. आणि खर्च झेपत नाही, हेही तितकंच खरं कारण आहे. त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नका.

पुढची बाजू आणि मागची बाजू

पिशवीच्या पुढे "प्रीमियम", "होलिस्टिक" असं लिहिलेलं असतं. या शब्दांना कायद्याची ठरलेली व्याख्या नाही. नावाला मात्र अर्थ असतो. अमेरिकेतल्या लेबलच्या नियमांप्रमाणे नुसतं "चिकन" असं नाव द्यायचं तर पाणी वगळून निदान ९५ टक्के चिकन लागतं. "चिकन डिनर" किंवा "चिकन फॉर्म्युला" म्हटलं की २५ टक्के पुरतं, "विथ चिकन" म्हटलं की ३ टक्के. "चिकन फ्लेवर"ला तर चव ओळखू आली की झालं. चित्र चारही पिशव्यांवर त्याच कोंबडीचं असू शकतं.

म्हणून पिशवी उलटी करा आणि बारीक अक्षरातलं एक वाक्य शोधा: हे खाणं "संपूर्ण आणि संतुलित" आहे का, आणि कुठल्या वयासाठी. हे निकष अमेरिकेत ॲफ्को ही संस्था ठरवते, युरोपात फेडियाफ. ॲफ्को कुठल्याही ब्रँडला मंजुरी देत नाही आणि स्वतः तपासणीही करत नाही, त्यामुळे "ॲफ्कोने मान्य केलेलं" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. ती फक्त मोजपट्टी देते. त्या मोजपट्टीवर प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात ओलावा वगळून किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, वाढत्या पिल्लाच्या खाण्यात २२.५ टक्के.

हा दावा दोन मार्गांनी करता येतो. एकात घटकांचा हिशोब मांडून निकष पूर्ण केलेले असतात. दुसऱ्यात कुत्र्यांना ते खाणं प्रत्यक्ष घालून पाहिलेलं असतं. ही चाचणी ऐकायला भारदस्त वाटते, पण प्रौढ कुत्र्यांच्या खाण्यासाठी ती किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते, एवढीच. तरीही दोन पिशव्या बाकी सगळ्यात सारख्या असतील तर मी चाचणी झालेली उचलते. आणि "अधूनमधून देण्यासाठी" किंवा "पूरक" असं लिहिलेलं असेल, तर ती पिशवी रोजच्या जेवणाच्या तुलनेत धरूच नका.

कोरडं की ओलं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण लेबलवरचे आकडे सरळ शेजारी ठेवून चालत नाही. समजा कोरड्या दाण्यांवर प्रथिनं २६ टक्के आणि ओलावा १० टक्के लिहिलाय. डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिनं ९ टक्के आणि ओलावा ७८ टक्के. पाहताक्षणी कोरडं तिप्पट वरचढ वाटतं. आता पाणी काढून टाका. कोरड्यात २६ भागिले ९०, म्हणजे साधारण २९ टक्के. ओल्यात ९ भागिले २२, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. चित्र उलटं झालं. १०० मधून ओलावा वजा करायचा आणि उरलेल्याने भागायचं, एवढंच गणित आहे, पण ते केल्याशिवाय तुलनाच होत नाही.

दुसरं गणित कॅलरीचं. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६३० कॅलरी लागतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असतील तर १७५ ग्रॅम पुरतात. ओल्यात १०० ग्रॅमला १०० कॅलरी असतील तर तेवढ्यासाठी ६३० ग्रॅम लागतं. म्हणून किलोचा भाव बघून स्वस्त-महाग ठरवू नका. १००० कॅलरीला किती पैसे पडतात ते काढा. कोरड्यातल्या कोरड्यातसुद्धा एका ब्रँडचा कप दुसऱ्यापेक्षा बराच जड असू शकतो.

ओल्याच्या बाजूने बोलायचं तर त्याने पोटात पाणी जातं, वास येतो, चावायला सोपं पडतं. माझ्या राणीचे दात म्हातारपणी गेले, तेव्हा तिला ओल्यानेच तारलं. उघडलेला डबा मात्र फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावा लागतो. कोरडं ठेवायला आणि मोजायला सोपं. "कोरड्याने दात साफ होतात" हे मी निवडीचं कारण धरत नाही, कारण साधे दाणे दात लागताच फुटतात आणि दाताच्या मुळापाशी घासलेच जात नाहीत. दोन्ही मिसळून दिलं तरी चालतं, फक्त कॅलरी दोन्हींच्या मोजा.

घटकांची यादी

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये दोनतृतीयांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून ते सहज पहिलं येतं. "चिकन मील" म्हणजे पाणी आणि बरीचशी चरबी काढून वाळवून दळलेलं, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यात प्रथिनं कितीतरी जास्त असतात. "ताजं चिकन पहिलं" असलेली पिशवी आणि "चिकन मील पहिलं" असलेली पिशवी यांत पहिलीच चांगली, असं ठरवता येत नाही. शिवाय मटार, मटारचं पीठ, मटारचं प्रथिन आणि मटारचा कोंडा असे चार तुकडे केले की चारही खाली सरकतात. एकत्र मोजले तर कदाचित मटारच पहिला.

"बाय-प्रॉडक्ट" शब्दाने नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यात काळीज, किडनी, प्लीहा असे अवयव येतात आणि ते पौष्टिक असतात.

धान्य असलेलं की "ग्रेन-फ्री"

यावर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण खाज सुटणाऱ्या कुत्र्याला बहुतेकजण हाच सल्ला देतात.

लांडग्यापासून कुत्रा वेगळा होताना त्याच्यात स्टार्च पचवण्याची ताकद आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की स्टार्च तोडणारं एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा अनेकपट आहेत. कुत्र्याला धान्य मुळातच पचत नाही, हे खरं नाही. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत गहू येतो, पण त्याच्या आधी बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन येतात. धान्य काढलं आणि चिकन तसंच ठेवलं, तर चिकनची ॲलर्जी असलेला कुत्रा खाजवतच राहणार.

आमच्या बंड्याचं नेमकं हेच झालं. मी दीड वर्षात तीन ग्रेन-फ्री ब्रँड बदलले आणि तिन्हींत चिकन मील होतं. मी ते वाचलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं दिलं, म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेलं की शरीर सहसा ते ओळखत नाही. दुसरा घास नाही, बिस्कीट नाही. खाज थांबली. मग चिकन परत देऊन पाहिलं आणि ती परतली. ॲलर्जी शोधायची खात्रीची वाट हीच आहे. दर महिन्याला ब्रँड बदलून काहीच कळत नाही, उलट पुढे डॉक्टरांना वापरता येतील अशी न खाल्लेली प्रथिनं कमी होत जातात.

हृदयाचा प्रश्नही आहे. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, मटार, मसूर, इतर कडधान्यं किंवा बटाटे भरपूर असलेलं खाणं आणि डीसीएम हा हृदयाचा आजार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू असल्याचं जाहीर केलं. डीसीएममध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होऊन हृदय फुगतं. हे खाणं बहुतेक ग्रेन-फ्री होतं. कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने ठोस नवी माहिती मिळेपर्यंत आणखी निवेदनं काढणार नसल्याचं सांगितलं. म्हणजे "ग्रेन-फ्रीने हृदय जातं" असं म्हणणं चूक, आणि काळजीचं काहीच नाही म्हणणंही चूक. धान्याचा त्रास सिद्ध झालेला नसेल तर मी धान्य असलेली पिशवी घेते. ग्रेन-फ्री बराच काळ चालू असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

पिल्लाची पिशवी

मोठ्या जातीचं पिल्लू असेल, म्हणजे वाढल्यावर ३२ किलो किंवा जास्त भरणारं, तर लेबलवर मोठ्या जातींच्या वाढीचा वेगळा उल्लेख हवाच. पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. म्हणून या पिल्लांच्या खाण्यात ओलावा वगळून कॅल्शियमची वरची मर्यादा १.८ टक्के आहे, इतरांसाठी २.५. संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियमची पावडर घालू नका, प्रेमापोटीसुद्धा नाही.

मोठी कंपनी की छोटी

छोट्या ब्रँडची गोष्ट गोड असते, मोठ्या कंपनीकडे प्रयोगशाळा असते. मी दोघांनाही तेच विचारते. खाण्याचं सूत्र कुणी तयार केलं आणि त्या व्यक्तीचं प्राण्यांच्या पोषणात शिक्षण काय? कारखाना स्वतःचा आहे का? प्रत्येक खेपेची तपासणी होते का? हमी दिलेला किमान आकडा सोडून फॉस्फरसचा प्रत्यक्ष आकडा सांगाल का?

कारण बिघाड बहुधा बाहेरून आलेल्या कच्च्या मालातून शिरतो. २००७ साली उत्तर अमेरिकेत गव्हाच्या ग्लूटेनमधून मेलामाइन हे कारखान्यात वापरायचं रसायन आलं आणि कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या. एकाच कारखान्यात अनेक ब्रँडचं खाणं बनत असल्यामुळे परत मागवायची यादी लांबत गेली. २०१९ साली काही डबाबंद खाण्यात व्हिटॅमिन डी प्रमाणाबाहेर गेलं, तेही पुरवठादाराच्या मिश्रणातून. नाव मोठं असलं की असं होत नाही, असं नाही. पण वरच्या प्रश्नांना टाळाटाळ करणारी कंपनी माझ्या यादीतून बाद.

झटक्यात की हळूहळू

हळूहळू. आतड्यातल्या जीवाणूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण भाग नवीन, आणि ७ ते १० दिवसांत पूर्ण. नाजूक पोटाच्या राणीला मी तीन आठवडे घेते. शी सैल झाली तर मागच्या पायरीवर जा आणि दोन दिवस तिथेच थांबा. या काळात नवी बिस्किटं, नवी हाडं, काही नाही, नाहीतर पोट कशाने बिघडलं ते कळणार नाही. शीत रक्त, वारंवार उलटी, किंवा दिवसभर खाण्याला तोंडच न लावणं दिसलं तर डॉक्टर. पिल्लू असेल तर दिवसभरही थांबू नका. डॉक्टरांनी आजारासाठी वेगळं खाणं दिलं असेल किंवा कंपनीने खेप परत मागवली असेल, तर मात्र त्यांचा वेग पाळायचा.

नवीन खाणं कपाने नाही, तराजूवर मोजा. लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास आयुष्यभर चालला. त्यात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मे कुत्रे जगले ते) १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. खाणं दोघांचं एकच होतं, फरक फक्त मापात होता. म्हणून पिशवीवरचा तक्ता सुरुवातीपुरता धरा, आणि दर दोन आठवड्यांनी बरगड्यांवरून हात फिरवा. त्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे.

दाणे मूळ पिशवीतच ठेवा, तोंड घट्ट बंद करून, थंड कोरड्या जागी. मोठ्या डब्यात ठेवायचे तर पिशवीसकट ठेवा. नुसते ओतले की जुनी चरबी डब्याला चिकटून खवट होते आणि खेपेचा नंबर कचऱ्यात जातो. पोट आठवड्याभरात उत्तर देतं, त्वचा आणि केसांना ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर नवीन पिशवी एकच आणि छोटीच घ्या.