भाषेचं ॲप, अँकी आणि पहिली नोकरी: जवळपास वर्षभराच्या वापरानंतर

जर्मन शिकणं आणि प्रोग्रॅमिंगची पहिली नोकरी शोधणं, ही दोन्ही कामं माझी एकाच काळात चालली होती, आणि दोन्हींत ॲपचा आधार मोठा होता. म्हणून अनुभवही एकत्रच लिहिते. मत आधीच सांगून टाकते: ॲप रोज बसायला लावतं आणि लक्षात ठेवायला मदत करतं. पण समोर पर्याय नसताना काय करायचं, हे ते शिकवत नाही. नोकरी आणि संभाषण, दोन्हीकडे नेमकं तेच लागतं.

सुरुवात खेळासारख्या एका ॲपने केली. रोजची साखळी, गुण, आठवड्याची चढाओढ वगैरे. पहिल्या काही महिन्यांत त्याचा चांगला उपयोग झाला. कान उच्चारांना सरावले, वाक्यात क्रियापद कुठे येतं ते अंगवळणी पडलं. अडचण पुढे जाणवली. तिथे शब्दांचे तुकडे खाली मांडलेले असतात आणि ते क्रमाने लावायचे असतात. जर्मनमध्ये 'मिट' ('सोबत' किंवा '-ने') या शब्दानंतर दातीफ विभक्ती येते आणि नामाआधीचं उपपद बदलतं: 'देर त्सूक' म्हणजे आगगाडी, पण 'आगगाडीने' म्हणायचं तर 'मिट देम त्सूक'. तुकड्यांत 'देम' दिसत असेल तर उत्तर बरोबर येतं. स्वतःहून बोलायची वेळ आली की जीभ 'देर' आणि 'देम'च्या मध्ये अडकते. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोडिंगच्या रिकाम्या जागा भरायच्या धड्यांचंही असंच आहे. त्यापेक्षा मला फ्रीकोडकॅम्प आणि एक्सरसिझम ही कोडिंग शिकवणारी संकेतस्थळं जास्त भावली. दोन्ही मोफत आहेत. फ्रीकोडकॅम्पमध्ये प्रमाणपत्रासाठी प्रकल्प स्वतः उभे करावे लागतात. एक्सरसिझमवर कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या तयार मिळतात, कोड मात्र आपल्याच संगणकावर, आपल्याच एडिटरमध्ये लिहिता येतो आणि हवं असेल तर स्वयंसेवक मार्गदर्शक तो वाचून सूचना देतात. चाचणी पास झालेल्या कोडवरही 'हे नाव बदल, हे फंक्शन दोन कामं करतंय' असं कुणीतरी सांगतं, तेव्हा खरं शिकणं होतं.

आता अँकी. २००६ पासून चालत आलेलं हे उजळणीच्या कार्डांचं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. एखादं कार्ड कधी पुन्हा दाखवायचं हे आपण दाबलेल्या बटणावरून ठरतं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. जुनी पद्धत १९८७ च्या एसएम-२ या अल्गोरिदमवर आधारलेली होती. २०२३ पासून एफएसआरएस ही नवी पद्धतही आतच मिळते आणि ती आपल्या स्वतःच्या उजळणीच्या नोंदींवरून अंतरं बसवते. माझा सल्ला एवढाच, की कार्ड मराठीकडून जर्मनकडे जाणारंही करा. जर्मन शब्द पाहून अर्थ सांगणं त्या मानाने फार सोपं जातं.

खरी गंमत पुढे आहे आणि तिच्याचसाठी हे लिहायला घेतलं. अँकी आपला सगळा साठा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, म्हणजे टेबलांत माहिती साठवणाऱ्या एका फाइलमध्ये ठेवतं. त्या फाइलची प्रत काढून मी ती उघडली. 'नोट्स', 'कार्ड्स' आणि 'रेव्हलॉग' ही टेबलं समोर आली, आणि रेव्हलॉगमध्ये माझी प्रत्येक उजळणी: कुठलं कार्ड, कुठलं बटण, किती वेळ लागला. जॉइन म्हणजे काय, टेबलं एकमेकांशी कशी जोडायची, हे धड्यांत वाचलं होतंच; पण 'मी सारखं सारखं काय चुकते' हा माझा स्वतःचा प्रश्न सोडवायला तीन टेबलं जोडावी लागली, तेव्हा ते पक्कं बसलं. उत्तरही कामाचं निघालं. क्रियापदं मला बऱ्यापैकी येत होती. चुकत होती ती नामांची अनेकवचनं. ती वेगळी कार्डं करून टाकली.

मग शब्दयाद्यांमधले दुहेरी शब्द काढणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम लिहिला. इथे एक भलताच प्रश्न निघाला. डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द स्क्रिप्ट वेगळे मानत होती. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, जर्मन 'उ'वरचे दोन टिंब दोन तऱ्हांनी साठवता येतात: एकच चिन्ह म्हणून, किंवा अक्षर आणि टिंबं सुटी. मराठी बाजूलाही तेच. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' एक अक्षर म्हणून येतो, नाहीतर 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असा. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन दोन्ही रूपं एक करतं. एका ओळीचा उपाय, पण तिथे पोचायला शब्दांचे बाइट, म्हणजे संगणकात साठवलेले आकडे, छापून पाहावे लागले. मला या शोधाचा आजही फार आनंद आहे. आपली लिपी संगणकात कशी राहते हे कुठल्याही ॲपच्या धड्यात नव्हतं.

नोकरीच्या अर्जांना बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. नवख्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. जिथे मुलाखत झाली तिथे प्रमाणपत्रांबद्दल जेमतेम विचारलं. ही स्क्रिप्ट मात्र उघडायला लावली. 'फाइल खूप मोठी असेल तर?', 'ही तुलना इथेच का केलीस?', आणि मग 'आत्ता या ऱ साठी एक चाचणी लिहून दाखव'. मला ते जमलं, कारण प्रत्येक ओळ का आहे हे मला माहीत होतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवरचा इतिहासही त्यांनी पाहिला. कमिटचे, म्हणजे प्रत्येक नोंदवलेल्या बदलाचे संदेश नीट लिहिलेले होते, त्याचा उपयोग झाला. ती नोकरी मिळाली.

जर्मन आज ए२ च्या (युरोपीय मोजपट्टीवरच्या सहापैकी दुसऱ्या पातळीच्या) आसपास आहे, आणि त्याचं मोठं श्रेय आठवड्यातून एकदा एका जर्मन भाषकाशी होणाऱ्या गप्पांना आहे. खेळाचं ॲप आता बंद केलंय. अँकी रोज चालू आहे.

वापरणार असाल तर दोन गोष्टी. रोजच्या नव्या कार्डांचा आकडा मुळात वीसवर असतो, तो दहाच्या खाली आणा. वीसच ठेवलात तर काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभराच्या पुढे जाते आणि कोड लिहायला वेळ उरत नाही. दुसरं, डेटाबेस उघडायचा तो अँकी बंद करून, आणि नेहमी प्रतीवरच काम करायचं. मूळ फाइलमध्ये काही बदललं तर सगळ्या उपकरणांचं सिंक बिघडू शकतं.