जुना काटा-चमचा घेताना: सिंहाचा छाप, ईपीएनएस की 800?

पाचगणी-महाबळेश्वरकडचा एखादा जुना बंगला रिकामा झाला की फर्निचरबरोबर काट्या-चमच्यांच्या पेट्याही साताऱ्यापर्यंत उतरतात. विकणारा सगळ्यालाच 'इंग्रजांच्या वेळची चांदी' म्हणतो, आणि घासूनपुसून ठेवलं की सगळं दिसतंही सारखंच. म्हणून चमचा पालथा करा, दांड्याची मागची बाजू भिंगाखाली धरा, मगच भावाचं बोला.

पुढचा एक पंजा उचलून चालणारा सिंह दिसला तर अर्धं काम झालं. इंग्लंडात हा छाप 1544 पासून आहे आणि त्याचा अर्थ 92.5 टक्के चांदी. शेजारी गावाचा छाप असतो: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचा मुकुट. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर. बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड, दोन्ही गावांची तपासणी कार्यालयं 1773 सालची. त्यासाठी लंडनला गेलेली मंडळी 'क्राऊन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत जमायची आणि तिथूनच मुकुट एका गावाला, नांगर दुसऱ्याला मिळाला, अशी आख्यायिका आहे. तिसरा छाप एका अक्षराचा. ते दरवर्षी बदलतं, आणि तेच अक्षर पुढच्या फेरीत वेगळ्या वळणात, वेगळ्या चौकटीत येतं. म्हणून साल ठरवताना चौकटीचा आकारही बघायचा. राजाचं किंवा राणीचं मुंडकं असेल तर कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 या काळातली. उरलेली अक्षरं कारागिराची. सिंह नाही म्हणून लगेच माल परत ठेवू नका: एडिंबरोच्या चमच्यावर किल्ला आणि काटेरी फूल असतं, डब्लिनच्या चमच्यावर मुकुटाखाली वीणेसारखं हार्प.

आता ईपीएनएस, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ही चारही अक्षरं बऱ्याचदा वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपीत ठोकलेली असतात आणि लांबून थेट हॉलमार्कसारखी दिसतात. आत तांबं, निकेल आणि जस्त, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, आणि वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये बर्मिंगहॅमला याचं पेटंट घेतलं आणि मग ढिगाने माल निघाला. पुढे 'ए1' असेल तर ती मुलाम्याची प्रत आहे, चांदीची नव्हे. 'नेवाडा सिल्व्हर' आणि 'ब्राझील सिल्व्हर' यांच्यात तर नावापुरतीच चांदी. नुसतं 'शेफिल्ड' हे गावाचं नाव, ते स्टीलच्या सुरीवरही असतं. छाप झिजले असतील तर चमचा टेबलावर जिथे टेकतो ती वाटीखालची जागा आणि काट्याच्या दात्यांची टोकं बघा. मुलामा आधी तिथून जातो आणि आतला पिवळसर धातू डोकावतो.

आकड्यांचं वेगळंच. 800 म्हणजे 80 टक्के चांदी. शेजारी चंद्रकोर आणि मुकुट असेल तर माल जर्मनीचा, 1888 नंतरचा. पण 90 किंवा 100 वाचून हुरळू नका. ते टक्के नव्हेत. बारा चमचे आणि बारा काटे यांच्यावर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली, त्याचा तो आकडा. '90 टक्के आहे' असं सांगणारा विक्रेता खोटारडाच असेल असं नाही, पण भाव मुलाम्याचाच द्या.

देशी माल पारखायला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मजेचा. कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर, भुजचे ओमरसी मावजी यांचे स्वतःचे छाप असत. सरकारी तपासणी मात्र इथे नव्हती. बीआयएसचा चांदीचा हॉलमार्क 2005 पासूनचा, तोही ऐच्छिक. म्हणजे छापावरून कारागीर कळेल, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, सराफाकडूनच काढून घ्यावा लागेल. टंचाचं मशीन वरचा थर वाचतं, म्हणून तपासणी झिजलेल्या जागेवर करायला सांगा.

लोहचुंबकाचा उपयोग थोडाच: तो चांदीलाही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही. त्यापेक्षा घरचा डिजिटल काटा बरा. समजा डझनभर चमचे 720 ग्रॅम भरले. पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि चमचे दोऱ्याने बांधून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. 70 ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर 92.5 ची चांदी. 83-84 आला तर जर्मन सिल्व्हर.

मग घ्यायचं काय? रोजच्या जेवणात वापरायचे असतील तर ईपीएनएस घ्या. स्वस्तात मिळतात आणि एखादा हरवला तरी जीव जळत नाही. फक्त रांगोळीने घासू नका, मुलामा उतरतो. पैसा गुंतवायचा असेल तर सिंहाचा छाप, पण भाव वजनाला धरून. विक्रेता 'अँटिक' म्हणून दुप्पट मागत असेल तर एकाच कारागिराचा, एकाच सालाचा पूर्ण संच आहे का ते बघा. सुटे, वेगवेगळ्या घरांचे सहा चमचे म्हणजे संच नव्हे. 800 चा माल वजनाच्या हिशेबात परवडला तरच घ्या. आणि घरात आधीपासूनच सिंहाचे किंवा हॅमिल्टनचे चमचे असतील तर मोडीत घालायची घाई नको. विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या मुशीत गेले की छापासकट सगळं आटतं, हाती फक्त धातूचा भाव येतो, आणि त्यातूनही घट कापली जाते.

सुऱ्या मात्र वजनात धरू देऊ नका. पातं स्टीलचं, आणि मूठ चांदीची असली तरी बहुतेकदा पातळ पत्र्याची, आत राळ भरलेली. मुठीवर सिंह असला तरी चांदी थोडीच असते, म्हणून काटे-चमचे वेगळे तोलायला सांगा आणि सुऱ्यांचा भाव नगावर ठरवा.