६४ जीबीचा स्वस्त लॅपटॉप: आईवडिलांसाठी घ्यावा का?

नको. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. हे लॅपटॉप नेमके त्या काठावर बसतात. मोठा अपडेट आला की जागा पुरत नाही, आणि ईएमएमसी (या लॅपटॉपमधली स्टोरेजची चिप) बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली, त्यामुळे बदलताही येत नाही. फक्त मेल, व्हिडिओ कॉल आणि बँकेची कामं असली तरी ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी धरा.

प्रोसेसरवर फार डोकं खपवू नका, पडदा बघा. १५ इंचावर १३६६ बाय ७६८ म्हणजे अक्षरं भरड दिसणार. १९२० बाय १०८० चा आयपीएस (बाजूनं बघितलं तरी नीट दिसणारा) पडदा घ्या.

विंडोजचा ‘एस मोड’ असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काही इन्स्टॉल होत नाही. तो फुकटात बंद होतो, पण पुन्हा चालू करता येत नाही.